गिटारचा ब्रिज निघाला तेव्हा



चिखल्याच्या कामाविषयी मी या पत्रकात लिहितो, तेव्हा बहुतेक वेळा अभ्यासवर्ग, दाखले, दवाखान्याच्या फेऱ्या असे विषय असतात. या वेळी मी एका गिटारच्या दुरुस्तीविषयी लिहिणार आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्यापैकी अनेक जण आम्हाला जुनी वाद्ये पाठवता, आणि कितीतरी मंडळ्यांत ब्रिज उखडलेली एखादी गिटार कपाटावर धूळ खात पडलेली असते. ती टाकून देण्याची गरज नसते. दुसरे कारण माझ्या चुकीशी संबंधित आहे. ते ओघात येईलच.

काय घडले

चिखला हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातले, मॅंगनीजच्या खाणीचे गाव. खाणीवर रोजाने जाणाऱ्यांची आणि शेतमजुरी करणाऱ्या गोंड कुटुंबांची मुले संध्याकाळी आमच्या वर्गाला येतात. अभ्यास झाला की अर्धा तास गाणी होतात. त्या अर्ध्या तासासाठी येणारी काही मुले आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. गाण्यामुळे येतात आणि मग गणितालाही बसतात.

एका हितचिंतकांनी शहरातून स्टीलच्या तारांची एक गिटार पाठवली. पंधरा वर्षांचा एक मुलगा ती शिकला. त्याचे नाव इथे देत नाही. तीन-चार कॉर्ड त्याला चांगले जमू लागले आणि रविवारच्या उपासनेत तो साथीला बसू लागला. घरात कुणी शाळा पुरी केलेली नाही, अशा मुलाला चारचौघांसमोर बसण्याची ती पहिली जागा होती.

मे महिन्यात ब्रिजची मागची कड उचललेली दिसली. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेली ती लाकडी पट्टी, जिच्यात तारांची टोके अडकतात. मी फटीत सुतारकामाचा पांढरा गोंद भरला, वर दोन विटा ठेवल्या आणि सकाळी तारा चढवल्या. अकराव्या दिवशी, उपासनेत, गाणे चालू असतानाच, फटाका फुटावा तसा आवाज झाला. ब्रिज निघून तारांना लोंबकळत होता.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "किती वेळा सांगितलं, तारा एवढ्या कसू नकोस म्हणून!"

तो म्हणाला, "नाही जी सर, मी नाही कसल्या." एवढेच. दुसऱ्या दिवशी तो वर्गाला आला नाही, त्यानंतरचे दोन आठवडेही नाही.

मी गिटार नागपूरला एका वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे नेली. त्यांनी ब्रिज उलटा करून माझ्यासमोर धरला. खालच्या बाजूला कडेची जेमतेम दोन बोटे रुंद पट्टी खरखरीत होती, बाकी सगळा भाग गुळगुळीत. गिटारच्या पोटावरही तसेच. ब्रिजखालच्या बऱ्याचशा जागेवर कारखान्यातले पॉलिश तसेच चमकत होते. "यात लाकडाला लाकूड लागलंय कुठं?" त्यांनी विचारले. मग म्हणाले, "वाजवणाऱ्याचा काही दोष नाही. हा कधी ना कधी निघणारच होता. आणि तुम्ही मळक्या फटीत गोंद भरलात, तो तर चिकटलाच नाही."

मी चिखल्याला परतलो तो गिटार न घेता. आधी हे काम शिकून घ्यायचे आणि मग त्या मुलाला घेऊन यायचे, असे मी ठरवले होते.

हा ब्रिज इतरांहून वेगळा का

आपल्याकडची वाद्ये आठवून पाहा. मिरजेच्या तंबोऱ्यात तारा खालच्या टोकाला बांधलेल्या असतात, तिथून त्या घोडीवरून जातात. घोडी तबलीवर नुसती उभी असते. तारांचा दाब तिला जागेवर धरून ठेवतो. व्हायोलिनचेही तसेच, आणि परधान कथेकऱ्यांच्या किंगरीचेही तसेच. तार ओढण्याचा भार एका ठिकाणी, आणि आवाज पोटात उतरवण्याचे काम दुसऱ्या ठिकाणी, अशी ही वाटणी आहे.

गिटारच्या ब्रिजला ही दोन्ही कामे एकट्याने करावी लागतात. तारांची टोकेही त्यालाच, आणि आवाज तबलीत उतरवणेही त्यालाच. त्यातही दोन प्रकार आहेत. नेहमीच्या स्टील-तारांच्या गिटारीवर सहा खुंट्या दिसतात. तारेच्या टोकाचे पितळी बोंड भोकातून आत जाऊन तबलीच्या खाली, आतल्या लाकडी पट्टीला अडकते. तार जितकी ताणाल तितके ते बोंड त्या पट्टीला घट्ट बसते, म्हणजे भाराचा काही वाटा आतले लाकूड उचलते.

आमच्या गिटारचा ब्रिज बिनखुंटीचा होता. त्यात तार ब्रिजच्या मागच्या बाजूने आडव्या भोकातून ओवतात. बोंड ब्रिजच्याच पाठीला अडकते. तबलीला सहा भोके पडत नाहीत, खुंट्या हरवत नाहीत, तार बदलणे मुलांनाही सोपे जाते. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेल्या ओव्हेशन गिटारींवर आणि उत्तर आयर्लंडच्या लोडेन गिटारींवर असे ब्रिज प्रसिद्ध आहेत, म्हणजे ही काही हलकी पद्धत नव्हे. नायलॉन तारांच्या गिटारीचा गाठी मारायचा ब्रिजही याच जातीचा. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: इथे सगळा भार फक्त गोंदावर असतो. आतून मदत करणारे कुणी नाही.

भार किती? स्टीलच्या मध्यम-हलक्या सहा तारा सुरात लावल्या की मिळून सुमारे ७० किलो ओढ होते. ब्रिजची चिकटणारी जागा साधारण ४० चौरस सेंटीमीटर धरली, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरला पावणेदोन किलो आले. चांगल्या गोंदाला हे काहीच नाही, तो याच्या कितीतरी पट भार सोसतो. पण दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध असतात. एक म्हणजे तारा तबलीच्या पातळीवर नसून ब्रिजच्या उंचीवर असतात, त्यामुळे त्या ब्रिजला नुसते पुढे ओढत नाहीत तर पुढे कलवतात आणि मागची कड वर उचलतात. डब्याचे झाकण चमच्याने एका कडेने उचलावे तसे. म्हणून ब्रिज नेहमी मागून सुटायला लागतो.

दुसरी गोष्ट हवामान. लाकूड रेषांच्या आडव्या बाजूने फुगते आणि आकसते, लांबीत फारसे नाही. तबलीच्या रेषा गिटारच्या लांबीला असतात आणि ब्रिजच्या रुंदीला. म्हणजे दोन लाकडे एकमेकांना काटकोनात चिकटवलेली. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडीठाक होते. महिन्याभरात पाऊस लागला की भिंतींनाही ओल सुटते. तबली आकसते, फुगते, आणि ब्रिज तिच्याबरोबर जात नाही. हा सारा झगडा गोंदाच्या एका पातळ थरात चालतो. तो थर अर्धवट जागेवर असेल, तर तो एक ना एक दिवस सुटतो.

ब्रिज बसवण्याची पद्धत

दुसऱ्या खेपेला मी त्या मुलाला घेऊन नागपूरला गेलो. त्याचे घर कसे गाठले आणि काय बोललो, ते शेवटी सांगतो. कारागिरांनी काम आमच्याच हातून करवून घेतले. पायऱ्या अशा:

१. तपासणी. तारा सैल करण्याआधी ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून पाहावा. कागद आत जात असेल तर फटीत गोंद भरत बसू नये. आतली मळकट जागा साफ होत नाही आणि नवा गोंद जुन्या गोंदावरच बसतो. ब्रिज पूर्ण काढावा. अर्धा चिकटलेला असेल तर तारा काढून, ब्रिज हळूहळू गरम करून, पातळ बोथट पट्टी कडेने सरकवत सोडवावा. घाई केली की तबलीच्या ढलप्या ब्रिजबरोबर निघतात. निघाल्याच तर त्या फेकू नयेत, आधी जागच्या जागी परत चिकटवाव्यात.

२. जागा ठरवणे. ब्रिजची जुनी खूण तबलीवर असेल तर काम सोपे, तरी मोजून खात्री करावी. वरच्या नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे. आमच्या गिटारीत ते ३२४ मिलिमीटर होते, दुप्पट ६४८. पण सॅडल, म्हणजे ब्रिजवरची ती हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी, नेमकी ६४८ वर बसवली तर गिटार वरच्या फ्रेटांवर बेसूर होते, कारण तार दाबताना ती थोडी ताणली जाऊन स्वर चढतो. म्हणून बारीक तारेकडे सुमारे २ मिलिमीटर आणि जाड तारेकडे ४ ते ५ मिलिमीटर मागे जागा द्यावी लागते. सॅडल तिरपी दिसते ती याचसाठी. मग नटपासून ब्रिजपर्यंत दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरे धरावे. फिंगरबोर्डाच्या दोन्ही कडांपासून दोरे सारखे आत असले की ब्रिज मधोमध आहे.

३. साफसफाई. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात कंटाळवाणीही. ब्रिज जागेवर ठेवून भोवती मास्किंग टेप लावायचा. मग ब्रिजच्या कडेपासून केसभर आतून धारदार पात्याने हलकी रेघ मारायची. रेघ फक्त पॉलिशमध्ये उतरावी, लाकडात नव्हे. रेघेच्या आतले सगळे पॉलिश आणि जुना गोंद पटाशीने खरवडून उघडे लाकूड दिसले पाहिजे. ब्रिजच्या तळालाही तेच. ब्रिज शिसवीचा असेल तर त्या लाकडात तेल असते. चिकटवण्याच्या थोडे आधीच ताजा घासून, स्पिरिटच्या फडक्याने पुसून, सुकू द्यावा. आमच्या मुलाने हे खरवडणे जवळजवळ दोन तास केले. मी वीस मिनिटांत "झालं असेल" म्हणालो होतो. त्याने गिटार उजेडात तिरपी धरून दाखवली. मधे अजून एक चकाकता डाग होता.

४. तळ जुळवणे. तबली सपाट दिसते, पण तिला बहुधा किंचित फुगवटा असतो. ब्रिजचा तळ त्या फुगवट्याला जुळला पाहिजे. तबलीवर ब्रिजच्या जागी पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर करून, टेपने लावायचा आणि त्यावर ब्रिज लांबीच्या दिशेने घासायचा. तळावर पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवाव्यात. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की जुळले. फट क्लॅम्पने दाबून मिटवायची नाही. दाबून मिटवलेली फट कायम उघडायला बघते.

५. सरकू न देण्याची युक्ती. खुंट्यांच्या ब्रिजला भोके असतात, त्यात खुंट्या घातल्या की ब्रिज जागेवर राहतो. बिनखुंटीच्या ब्रिजला ती सोय नाही. ओल्या गोंदावर क्लॅम्प आवळला की तो साबणासारखा घसरतो. म्हणून सॅडलच्या खाचेत, दोन टोकांना, दीड मिलिमीटरची दोन भोके तबलीपर्यंत पाडायची आणि त्यात बारीक काड्या घालायच्या. नंतर वरून सॅडल बसते, भोके दिसत नाहीत.

६. रंगीत तालीम. गोंद लावण्याआधी सगळे क्लॅम्प एकदा कोरडेच लावून पाहावेत. क्लॅम्प गिटारच्या गोल तोंडातून आत जातात. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या सी-क्लॅम्पचा जबडा तिथवर पोहोचत नाही. खोल जबड्याचे क्लॅम्प मिळतात. नाही मिळाले तर जाड लोखंडी पट्टीचे गावच्या वेल्डरकडून करून घेता येतात, आम्ही पुढच्या कामांसाठी तसेच केले. आतून तबलीला आधार देणारी लाकडाची ठोकळी हवी, आणि आतल्या तिरप्या पट्ट्या चिरडू नयेत म्हणून तिथे तिला खाचा हव्यात. आरसा आणि टॉर्च घेऊन आत बघून घ्यावे.

७. गोंद. जुने कारागीर सरस वापरतात. तो पाण्याच्या भांड्यात ठेवून सुमारे ६० अंशांवर पातळ करतात आणि तो वाळला की दगडासारखा कडक होतो. पण थंड होण्याआधी, मिनिटभराच्या आत, ब्रिज बसवून क्लॅम्प लागले पाहिजेत. नवख्याला ते जमत नाही. आम्ही लाकडासाठीचा पिवळा गोंद वापरला, टाइटबाँड ओरिजिनलच्या जातीचा. साधा पांढरा गोंद कपाटाला चांगला, पण सततच्या ताणाखाली आणि उष्णतेत तो हळूहळू सरकतो. इपॉक्सी लावू नये. पुढे कधी ब्रिज काढायचा झाला तर लाकूडच फाटते. गोंद पातळ, सगळीकडे सारखा लावायचा, मधला क्लॅम्प आधी, मग दोन्ही पंखांचे. चारही कडांनी बारीक थेंब बाहेर आले म्हणजे गोंद सगळीकडे पोहोचला. ते ओल्या फडक्याने लगेच पुसावे.

८. थांबणे. क्लॅम्प किमान २४ तास ठेवायचे. आम्ही तारा ४८ तासांनी चढवल्या, आणि त्याही एकदम नाही. आधी सैल, मग थोड्या वर, रात्रभर ठेवून सकाळी सुरात. मी विटा ठेवून एका रात्रीत जे उरकले होते, त्याच्या जागी हे तीन दिवस गेले.

सांभाळायचे कसे

दुरुस्तीपेक्षा जपणूक स्वस्त. गिटार पत्र्याच्या छपराखाली, खिडकीच्या उन्हात किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवू नये. बहुतेक गोंद ६५ अंशांच्या पुढे मऊ पडतात आणि बंद गाडी तितकी तापू शकते. मुले शिकत असतील तर बारीक तारांचा संच लावावा. दहा नंबरच्या संचाची ओढ सुमारे ६० किलो असते, बारा नंबरची ७० च्या वर जाते. बोटांनाही ते बरे. सुट्टीत गिटार पडून राहणार असेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. आणि नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा कधीही लावू नयेत. तिची ताकद सुमारे ४० किलो ओढीसाठी असते. "आवाज मोठा येईल" म्हणून कुणीतरी स्टीलच्या तारा चढवतो, आणि काही दिवसांत ब्रिज तबलीचा तुकडा घेऊन निघतो.

राहिलेली गोष्ट

नागपूरला जाण्याआधी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो बाहेरच बसला होता. मी म्हणालो, "बाबू, चूक तुझी नव्हती. गोंद मी चुकीचा लावला होता, आणि बोल तुला लावला." तो काही बोलला नाही. त्याची आई आतून म्हणाली, "त्यानं तवाच सांगतलं होतं जी." खरेच, त्याने तेव्हाच सांगितले होते. मीच ऐकले नव्हते.

बोल चारचौघांत लावला होता, म्हणून माफीही चारचौघांतच मागायला हवी होती. पुढच्या रविवारी उपासनेच्या शेवटी मी ती मागितली. अवघड गेले. धर्मशास्त्राच्या पदविकेत पापकबुलीवर मी चांगला निबंध लिहिला होता. तो लिहिणे आणि चिखल्यात पोरासोरांसमोर उभे राहून "मी चुकलो" म्हणणे यात फार अंतर आहे. खडकावरच्या घराचा दृष्टांत मी कित्येकदा सांगितला आहे. चकाकत्या पॉलिशवर गोंद लावून वर विटा ठेवणारा माणूस मीच, हे मला त्या कारागिरांच्या दुकानात कळले.

त्या दुरुस्तीला आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे झाले. ब्रिज जागेवर आहे, कागद मागून आत जात नाही. तो मुलगा दर महिन्याला स्वतः तपासतो. त्याने त्यानंतर आणखी दोन गिटारींचे ब्रिज बसवले, एक आमच्या शेजारच्या मंडळीची. तो यातून पोट भरेल की नाही, मला माहीत नाही. पण त्याच्या हाताला विचारून घेण्यासारखे काहीतरी आहे, हे गावाला माहीत झाले आहे.

शेवटी आपल्याला एक विनंती. ब्रिज निघालेली गिटार असेल तर ती भंगारात देऊ नका, पण फेव्हिकोल किंवा इपॉक्सी लावून "दुरुस्त" करूनही पाठवू नका. तारा उतरवा, निघालेला ब्रिज आणि सुटलेली प्रत्येक ढलपी कागदात गुंडाळून गिटारसोबत ठेवा, आणि नायलॉनची आहे की स्टीलची ते चिठ्ठीवर लिहा. खरवडण्याचे काम आम्ही करू. चिखल्यात ते माझ्यापेक्षा चांगले करणारा एक जण आहे.


प्रभूच्या सेवेतील आपला बंधू,
चिखला केंद्र